कलाप्पाअण्णांचा चौथा टायर

निपाणीत तंबाखूला हात न लावणारा माणूस शोधायला निघालात तर दिवस मोडेल. वखारीत तंबाखू, अंगणात वाळत घातलेली तंबाखू, पारावरच्या म्हाताऱ्यांच्या चंचीत तंबाखू. मला असा एकच गडी भेटला, तो म्हणजे कलाप्पाअण्णा सुतार. कारण विचारलं की म्हणायचे, "नाक मरतंय, मास्तर. आन् माझं समदं नाकावर चालतंय."

ते खरंच होतं. गावाबाहेर बेळगावच्या रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड होती. मोटारींच्या झिजलेल्या टायरांवर नवं रबर चढवून द्यायचं हा त्यांचा धंदा. लोखंडी साच्यात टायर बसवायचा, साच्यात वाफ सोडायची आणि गंधक मिसळलेलं रबर शिजू द्यायचं. किती वेळ, ते घड्याळात बघायचं नाही. अण्णा साच्याजवळ डोळे मिटून बसत. "कच्चं हाय." जरा वेळानं, "अजून कच्चं." मग एकदम उठून, "काढा." गरम टायरात अंगठ्याचं नख रुतवायचे आणि खूण बुजेपर्यंत मनात आकडे मोजायचे. माझ्याकडं घड्याळ होतं. मी कितीदा पडताळून पाहिलं, मिनिटाचा फरक नसायचा.

मी तेव्हा हायस्कुलात सायन्स शिकवायचो. सायकलचं पंक्चर काढायला म्हणून पहिल्यांदा गेलो आणि मग रोज संध्याकाळी जायला लागलो. भूतबीत मी मानत नाही. आजही मानत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं वाचताना तुम्ही माझ्याबद्दल भलताच समज करून घ्याल.

माणूस उंच, काटक, अंगात बंडी, धोतर गुडघ्यापर्यंत आणि पायात काही नाही. निम्म्या निपाणीच्या पायात त्यांनीच दिलेल्या जुन्या टायरांच्या चपला, आणि हे मात्र अनवाणी. लोक चेष्टा करत. अण्णा म्हणायचे, "चाकाला जे लागतंय ते मला आधी लागाय पायजे." त्यांचे वडील बोरगावला बैलगाड्यांची चाकं करत. लाकडी चाकावर लोखंडी धाव तापवून चढवायची, पाणी ओतून आवळायची, हे अण्णा लहानपणापासून बघत आलेले. मोटारी आल्या तेव्हा त्यांना त्यात नवं काही वाटलं नाही. धाव लोखंडाची होती ती रबराची झाली, एवढंच.

टायर आला की ते त्याच्यावर हात फिरवत, पण पालथा हात. तळवा नव्हे. "तळहात राबून निबर झालाय, त्याला काय कळतंय? पालथ्या हाताला खोटं चालत न्हाय." मग टायर हवेत धरून हळूहळू फिरवत आणि त्याला कान लावत. शेडमध्ये साच्यातून काढलेले टायर आढ्याला टांगलेले असत. निवताना ते कुरकुरायचे. रबर आकसतं, त्याचा आवाज. मला ते ठाऊक होतं. पण अण्णा माझ्याशी बोलता बोलता मधेच वर बघून "व्हय, व्हय" म्हणायचे आणि पुन्हा बोलणं पुढं सुरू करायचे. अंगावर काटा यायचा, खोटं कशाला बोलू.

एकदा बेळगावकडनं आलेली प्रवाशांची सर्व्हिस मोटार शेडपुढं थांबली. ड्रायव्हर म्हणाला, पुढच्या डाव्या चाकाला जरा बघा, ओढतंय. अण्णा खाली बसले. पालथा हात टायरवर ठेवला आणि तसाच राहू दिला. बाकीच्या तीन टायरांना हात लावून आले. पुन्हा त्याच टायरशी बसले.

"कोण हुतं?" त्यांनी विचारलं.

"कोण म्हणजे?"

"ह्याच्याखाली."

"कुत्रं आलतं तवंदीच्या घाटात," ड्रायव्हर म्हणाला.

"कुत्रं न्हाय. ह्यो टायर थंड हाय. बाकीचं तीन गरम हायती."

मी सायन्सवाला. झोळीत शाळेचा थर्मामीटर होताच. चारी टायरांना लावून पाहिला. चारींचा पारा एकाच रेघेवर. मी तसं मोठ्यानं सांगितलंसुद्धा. पण माझ्याकडं कुणी बघतच नव्हतं. ड्रायव्हर फूटबोर्डावर बसला होता आणि तोंडात टॉवेल कोंबून रडत होता. घाटात अंधारून आलं होतं, एक म्हातारी आडवी आली, आणि तो थांबला नव्हता. त्या दिवशी तो आपल्या पायानं पोलीस चौकीत गेला.

अण्णांनी तो टायर उतरवून घेतला. असल्या टायरावर ते रबर चढवत नसत. त्याच्या चपला करायलाही देत नसत. वडलांची रीत होती म्हणे. माणसावरून गेलेल्या चाकाचं लाकूड चुलीत घालायचं नाही, ते पुरायचं. शेडच्या मागं बाभळीखाली असे सात टायर पुरलेले होते, सातांवर सात दगड. अमावस्येला अण्णा तिथं दहीभात ठेवत. मी चिडवायचो, "अण्णा, टायरांना भूक लागते काय?" ते हसायचे नाहीत. म्हणायचे, "टायरास्नी न्हाय हो, मास्तर."

लोक त्यांना दबकून असत त्याचं आणखी एक कारण होतं. शेडच्या एका कोपऱ्यात अण्णा एरंडेलाच्या पणत्या पेटवून त्यांच्यावर मडकी पालथी घालून ठेवत. मडक्यांत धरलेली काजळी कोंबडीच्या पिसानं झाडून घेत. गावात बोभाटा झाला, कलाप्पा करणी करतो. कोण तरी शेडच्या दारात लिंबू-मिरची टाकून जायचं. अण्णा लिंबू उचलून सुनेला सरबताला द्यायचे.

गोष्ट एवढीच होती की अण्णांना एक प्रश्न पडला होता. झाडातनं येतं ते रबर दुधासारखं पांढरं. मग विलायती टायर काळा का? मी पुस्तक उघडून सांगितलं की काजळीनं रबर चिवट होतं. पण त्यांनी ते चार वर्षं आधीच करून बघितलेलं होतं. कुठल्या तेलाची काजळी, किती, गंधक आधी की काजळी आधी, सगळं. मला त्या दिवशी माझ्या डिग्रीची जरा लाज वाटली.

शेडला लागूनच घर. घरात ते, मुलगा परशराम आणि सून सुंद्रा. बायको कधीच वारलेली. परशा एकुलता एक आणि मोटारीचं वेड डोक्यात गेलेला. जवळच्या एका लहानशा जहागिरीच्या धाकट्या सरकारांकडं तो ड्रायव्हर होता. महायुद्ध संपलं आणि सरकारांनी एक विलायती गाडी आणली. बुटकी, टप नसलेली, दोनच माणसं बसतील अशी. पळायची मात्र अशी की रस्त्यावरची गुरं वळून बघेपर्यंत धूळसुद्धा खाली बसलेली असायची. तिला एकच रोग होता. टायर टिकत नसत. युद्धामुळं रबराची टंचाई, नवे टायर कुठं मिळेनात, आणि रबर चढवलेले टायर त्या वेगाला दोन-चार मैलांत तापून सोलून निघत.

परशानं ते टायर आणून बापापुढं टाकले. "आप्पा, हितनं पुढं तुमीच करायचं."

"मी बैलगाडीवाला हाय रं."

"तवा करा की बैलगाडीवानीच. पर पळाय पायजे."

त्या हिवाळ्यात अण्णांनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून सांगतो. पहिल्यांदा त्यांनी जाड रबर चढवलं. गेलं. मग कडक केलं, तर वळणावर गाडी घसरली आणि परशा उसात जाऊन थांबला. प्रत्येक फेरीनंतर मी थर्मामीटर लावायचा, आकडा पाटीवर लिहायचा, आणि अण्णा शेजारी पालथा हात ठेवून बसायचे. एक दिवस ते म्हणाले, "मास्तर, आपण तापलेल्या माणसाच्या अंगावर गोधडी घालालोय." मग त्यांनी रबर पातळ केलं. पार पातळ, जेमतेम करंगळीच्या निम्म्या जाडीचं. काजळी वाढवली. हवा जास्त भरायला लावली. टायर म्हणजे नुसतं रबर नव्हे, आत सुती दोऱ्यांच्या पदरांचा सांगाडा असतो आणि सगळा जोर त्याच्यावर असतो. तो सांगाडा ते पारखून घेऊ लागले. दहातले नऊ बाजूला सारायचे.

आणि टायर टिकला. परशा बारा मैल भरधाव जाऊन आला, मी थर्मामीटर लावला, पारा पहिल्यापेक्षा कितीतरी खाली. अण्णा टायरशी वाकले. त्यांनी टायरला कान लावला आणि ते ऐकून त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

सरकारांनी लगेच शर्यत ठरवली. बेळगावजवळच्या माळावर युद्धात विमानांसाठी लांबलचक पट्टी केलेली होती, ती मोकळी पडली होती. आसपासचे तिघे-चौघे हौशी गाडीवाले येणार, त्यांच्या गाड्यांना विलायती टायर. परशाला झोप लागेना. त्याला बक्षीस नको होतं. बोरगावच्या सुताराचा टायर त्यांच्या नाकावर टिच्चून पळवायचा होता. सुंद्राला पाचवा महिना होता. ती अण्णांना म्हणाली, "मामंजी, मला कायबी नगं. तेवढं टायर तुमच्या हातचं असूद्या." अण्णांनी मान हलवली. एकुलत्या एक पोराचा जीव आपण केलेल्या त्या पातळ रबरावर पळणार हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं.

तीन टायर झाले. तिसरा काढताना साच्याचा नळ उडाला आणि वाफेनं अण्णांचे दोन्ही हात मनगटापर्यंत भाजले. मी फडकी बांधली. पंधरा दिवस झाले तरी चौथ्यासाठी चांगला सांगाडा मिळत नव्हता. अण्णा म्हणाले, शर्यत पुढं ढकला. सरकार भला माणूस, ते कदाचित ऐकलेही असते. परशानं त्यांना विचारलंच नाही.

शर्यत रविवारी होती. शुक्रवारी भर दुपारी मी शेडवर गेलो. हिवाळा असूनही ऊन चटकत होतं, अण्णा घरात पडलेले. मागं कुदळीचा आवाज आला म्हणून गेलो तर परशा बाभळीखाली खणत होता. एक दगड बाजूला सारलेला. खड्ड्यातनं त्यानं टायर ओढून काढला, मातीनं माखलेला. चांगल्या विलायती बनावटीचा, नवाकोरा असतानाच पुरलेला.

"मास्तर, सांगू नगासा आप्पास्नी. वरचं रबर घासून काढतो. वळखणार न्हाईत."

आणि मी काय केलं? मला बरं वाटलं. शेवटी या घरातला एक तरी माणूस भुताखेताकडं न बघता रबराकडं बघतोय, असं वाटलं. म्हणालो, "मी कशाला सांगतोय? माती ती माती आणि रबर ते रबर." मागच्या दारात सुंद्रा उभी होती, हातात घागर. तिनं सगळं ऐकलं होतं. "मास्तर, मामंजी न्हाय म्हनत्यात त्याला," ती म्हणाली. मी तिला शाळेतल्या आवाजात सांगितलं, "काही होत नाही गं. मी आहे ना."

चौथा टायर परशानं आणि मी केला. अण्णा स्टुलावर बसून सांगत होते, हात फडक्यांत. सांगाडा जवळ आणायला लावून त्यांनी वास घेतला. "मातीचा वास येतोय रं."

"कोल्हापुरात गोदामात पडलावता, आप्पा."

अण्णांनी पुन्हा एकदा हुंगलं. नाकानं सांगितलं होतं, पण हात बांधलेले होते.

रविवारी सकाळी सरकारांच्या लॉरीतून चारी टायर माळावर नेले आणि तिथंच गाडीला चढवले. थंडी होती, माणसं शाली पांघरून उभी. परशा गाडीत बसला. अण्णांनी "थांब" म्हटलं आणि दातांनी हातावरची फडकी सोडली. आतली कातडी नवी, लालसर, वर काही ठिकाणी अजून ओली. ते अनवाणी गाडीभोवती फिरले. पहिला टायर, पालथा हात, पुढं. दुसरा. तिसरा. चौथ्याशी बसले आणि उठेनात.

गाडीचं इंजिन चालू होतं. अण्णा वर न बघता म्हणाले, "ह्यो कुठला?"

"सांगितलं की, आप्पा. कोल्हापूरचा."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. "मास्तर, माझं कातडं नवं हाय. त्याला अजून नीट कळंना झालंय. तुमी खोटं बोलत न्हाय. तुमी सांगा."

परशा माझ्याकडं बघत होता. माणसं बघत होती. मला एवढंच म्हणायचं होतं की हा बाभळीखालचा आहे. पण ते म्हटलं असतं तर त्या सगळ्या माणसांपुढं मी पुरलेल्या टायराला भिऊन शर्यत थांबवणारा सायन्सचा मास्तर ठरलो असतो. एवढ्यासाठी. दुसरं काही कारण नव्हतं.

"कोल्हापूरचा," मी म्हणालो. "मी स्वतः पाहिला."

अण्णा उठले. हात धोतराला पुसला आणि बाजूला झाले.

पहिल्या फेरीत परशा सगळ्यांच्या पुढं होता. दुसऱ्या फेरीतही. सरकार टोपी उडवत होते. तिसऱ्या फेरीला, लांबच्या टोकाला वळताना, आम्हाला आवाज आधी आला नाही. गाडी उलटताना दिसली आणि मग आवाज आला.  

सगळे धावले. अण्णा धावले नाहीत. ते पट्टीवरून सावकाश चालत येत होते आणि वाटेत पडलेले रबराचे तुकडे वाकून वाकून गोळा करत होते. मी त्यांच्या आधी पोचलो. परशाकडं एकदा पाहिलं, पुन्हा पाहवलं नाही. शेजारी टायरच्या सांगाड्याचा एक तुकडा पडला होता. मी तो उचलला. रबर चांगलं होतं, अण्णांचं रबर कुठंही सुटलेलं नव्हतं. आतले सुती दोरे मात्र काळे पडले होते आणि बोटानं दाबले की ओल्या वर्तमानपत्रासारखे तुटत होते. चार पावसाळे मातीत पुरलेलं सूत. ते कुजणार हे पाचवीच्या पोरानं सांगितलं असतं. मी बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात आलो होतो.

अण्णा जवळ येत होते. मी तो तुकडा कोटाच्या खिशात घातला.

दिवसकार्य झाल्यावर मी शेडवर गेलो. साचा थंड होता. आढ्याला एकही टायर नव्हता. अण्णा जमिनीवर बसले होते आणि पुढं तीन टायर ओळीनं मांडलेले. "मास्तर, तुमी सांगितलासा सांगाडा कोल्हापूरचा हाय म्हणून. म्हंजे सांगाड्यात खोट नव्हती. रबर माझं हुतं. लई पातळ केलो मी. पोराला पातळ रबरावर बसवलो." मी तोंड उघडलं. उघडलं होतं, यावर कुणाचा विश्वास बसो न बसो. पण त्यांनीच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, त्या नव्या कातडीचा, आणि मला म्हणाले, "तुमी जिवाला लावून घिऊ नगासा." मी उठलो आणि निघून आलो. पुढं मी तिकडचा रस्ताच सोडला. शाळेला जाताना लांबचा फेरा घालायचो.

अण्णांनी परत टायरला हात लावला नाही. रस्त्यानं जाणाऱ्या लॉरीवाल्यांनी हाक मारली तर म्हणायचे, "मला कळत न्हाय आता, मास्तरांस्नी दाखवा." खरोखरच दोघे-तिघे लॉरीवाले माझ्या घरी आले होते. मी त्यांना काय सांगणार? घरात असूनही नाही म्हणून सांगायला लावलं.

उन्हाळ्यात सुंद्राला मुलगा झाला. तिला माहेर नव्हतं, बाळंतपण तिथंच झालं. बाराव्या दिवशी अण्णांचं बोलावणं आलं. जाणं भाग होतं. आमच्या भागात एक समजूत आहे. बाळाला पहिला मध जो चाटवतो त्याचा गुण बाळाला लागतो. म्हणून माणूस पारखून बोलावतात.

अण्णा ओसरीवर उभे होते. चार-पाच महिन्यांत म्हातारे झाले होते. अंगातली बंडी ढिली होऊन खांद्यावरून उतरलेली. हातात चांदीची लहानशी वाटी, तीत मध.

"बारा दिवस कुणाला चाटवू दिलो न्हाय," ते म्हणाले. "तुमच्यासाठी थांबलोय. माझ्या नातवाला खरं बोलणाऱ्या माणसाचा गुण लागू दे. मला दुसरं कायबी मागायचं न्हाय."

सुंद्रा दारात बसली होती, मांडीवर पोर. तिनं माझ्याकडं पाहिलं. त्या दुपारी मागच्या दारात ती घागर घेऊन उभी होती हे मी विसरलो नव्हतो, तीही विसरली नव्हती. इतके महिने तिनं सासऱ्याला एक शब्द सांगितला नव्हता. का, ते मला तिचं तोंड बघून कळलं. म्हाताऱ्याजवळ भरवसा ठेवायला आता मी सोडून काही उरलं नव्हतं, ते तिला काढून घ्यायचं नव्हतं.

मी मधात बोट बुडवलं आणि वाकलो. तिनं पोराला छातीशी घेतलं आणि त्याच्या तोंडावरून पदर ओढला.

"मामंजी, पोर निजलंय," ती म्हणाली.

"मग उठंस्तवर बसतील की मास्तर," अण्णा म्हणाले. "त्यांस्नी कुठं घाई हाय?" आणि माझ्यासमोर भिंतीला टेकून, वाटी दोन्ही हातांत धरून, ते वाट बघत बसले.

मी बसलो. बोटावरचा मध वाळत होता. पदर एका बाजूला जरा वर राहिला होता, आणि त्याखालून ते पोर टक्क जागं माझ्याकडं बघत होतं.